ड्रॅगन मिळण्याआधीची उमेदवारी

मेनोलीची उमेदवारी जेमतेम आठवडाभर चालली. ॲन मॅकॅफ्री यांच्या 'ड्रॅगनसिंगर' या १९७७ च्या कादंबरीतली ही समुद्रकाठच्या वस्तीतली पोर. पर्न नावाच्या काल्पनिक ग्रहावर गायक-वादकांचं एक मोठं विद्यापीठ असतं, हार्पर हॉल. तिथे ती शिकाऊ म्हणून दाखल होते आणि कादंबरी संपता संपता शिकाऊंच्या टेबलावरून उठून, साऱ्यांच्या देखत चालत, पक्क्या कारागिरांच्या टेबलाशी जाऊन बसते. पर्नवर बढती अशीच मिळते. पुढे १९९१ मध्ये या कादंबऱ्यांच्या चाहत्यांनी संगणकावर मजकुराचं पर्न उभं केलं. खोल्या, अंगणं, गुहा, माणसं, सगळं फक्त शब्दांत. तिथे शिकाऊ म्हणून आलेल्या खेळाडूंना एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंतचं तेवढंच अंतर चालायला महिनोन्‌महिने लागत. त्यांच्यावर कुणाची सक्ती नव्हती, पगार नव्हता, परीक्षेचे गुणही नव्हते. तरी लोक रात्री जागून शिकाऊ राहत.

ऑनलाइन खेळांचा इतिहास सहसा चित्रांच्या झगमगाटाचा आणि कोट्यवधींच्या विक्रीचा म्हणून सांगितला जातो. शिकाऊ पात्रांच्या या उमेदवारीला त्यात क्वचितच जागा मिळते. खरं तर या सबंध कलेचा प्राण तिथेच आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन जगायचं, तर ते सोंग आधी कुठेतरी मुरावं लागतं. ते मुरतं कमीपणाच्या जागी, राबताना, चुकताना. आणि त्या वेळी जवळ बसून बघणारा एक जाणता लागतो. ज्यांनी ही विश्वं उभारली त्यांना हे कधी उमगलं, कधी नाही. जिथे उमगलं नाही, तिथे काय झालं तेही नोंदलेलं आहे.

सुरुवात संगणकाच्या आधीची आहे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनिॲपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत लुटुपुटीची युद्धं खेळणारी मंडळी होती. टेबलावर फौजा मांडायच्या, फासे टाकायचे. त्यांतल्या डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन हे जर्मन गाव कल्पून प्रत्येक खेळाडूला फौजेऐवजी एकेक माणूस दिला. त्याच कंपूतल्या डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना पुढे नेली आणि विस्कॉन्सिनमधल्या गॅरी गायगॅक्स यांच्यासोबत १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापून निघाला. त्यातला पहिल्या पायरीवरचा जादूगार म्हणजे दिवसाला एकच मंत्र येणारा, एका धक्क्यात मरेल असा किरकोळ इसम. पुढच्याच वर्षी 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोराचं पात्र आलं आणि त्याच्या पहिल्या पायरीचं छापील नाव होतं 'अप्रेंटिस'. शिकाऊपणाला अशी अधिकृत जागा मिळाली.

पण नाव दिल्याने उमेदवारी होत नाही. गायगॅक्स यांनी १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये याहून धीट नियम घातला. पुरेसे अनुभवगुण जमले म्हणून पात्राने आपोआप वरची पायरी चढायची नाही. त्याने गुरू गाठायचा, पैसे मोजायचे आणि शिकायचं. किती आठवडे शिकायचं हे ठरवायचं खेळ चालवणाऱ्याने, आणि तेही त्या खेळाडूने आपली भूमिका कशी वठवली यावरून. उत्तम वठवली तर एक आठवडा, वाईट वठवली तर चार. दर आठवड्याला पात्राच्या पायरीगणिक दीड हजार सोन्याची नाणी. लढवय्या असून संकटात मागे लपणाऱ्याला, किंवा धर्मोपदेशक असून सोबत्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला, या नियमाने खिसा रिकामा करायला लावला. बहुतेक टेबलांवर हा नियम जाचक म्हणून गुंडाळून ठेवला गेला. त्यामागची दृष्टी मात्र मोलाची होती: किती राक्षस मारले याच्या जोडीला, आपण कोण आहोत हे खेळाडूला किती कळलं, याचंही मोजमाप इथे होतं.

हीच दृष्टी पूर्णत्वाला नेली 'आर्स मॅजिका'ने. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांचा हा १९८७ चा खेळ मध्ययुगीन युरोपातल्या जादूगारांचा. त्यात जादूगाराची उमेदवारी पंधरा वर्षांची. वर्षाचे चार ऋतू मोजायचे; त्यांतला निदान एक ऋतू गुरूने शिष्याला शिकवण्यात घालवायचा आणि उरलेले ऋतू शिष्याने गुरूच्या प्रयोगशाळेत राबायचं. गुरूच्या बाजूने पाहिलं, तर पंधरा वर्षांतले पंधरा ऋतू त्याने स्वतःच्या अभ्यासातून काढून द्यायचे. शिकवण्याची किंमत शिकवणाऱ्याला मोजावी लागते, हे कुठल्याही खेळाने इतक्या स्वच्छपणे मांडलेलं नव्हतं.

दरम्यान संगणकावर वेगळंच बीज पडलं होतं. इंग्लंडमधल्या कोलचेस्टर इथल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ च्या शरद ऋतूत 'मड' लिहायला घेतलं. मल्टि-युजर डंजन, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वावरायचं भुयार. पीडीपी-१० हे विद्यापीठाचं मोठं सामायिक यंत्र, त्याला जोडलेले टर्मिनल आणि पडद्यावर फक्त अक्षरं. १९८० मध्ये ट्रबशॉ यांनी सूत्रं रिचर्ड बार्टल या सहविद्यार्थ्याकडे सोपवली. त्याच वर्षी विद्यापीठाचं यंत्र बाहेरच्या जाळ्याशी जोडलं गेलं आणि बाहेरचे लोकही भुयारात उतरू लागले. त्यांना वेळ मिळे तो रात्रीचा, विद्यापीठाच्या कामाला यंत्र लागत नसे तेव्हाचा.

'मड'मध्ये शिडी होती. तळाला नवखा, मग योद्धा, वीर अशा पायऱ्या, आणि सर्वात वर, १,०२,४०० गुणांवर, विझर्ड. विझर्ड झालेल्याला विश्वावर सत्ता मिळे. तो अदृश्य होई, वस्तू घडवी, नवख्यांना मदत करी किंवा छळी. मधल्या वाटेवर दुसऱ्याशी लढताना मेलात, तर पात्र कायमचं पुसलं जाई. आठवड्यांची मेहनत एका क्षणात गेली, की पुन्हा नवखा. त्यामुळे विझर्डपदाला पोचलेला माणूस अनेक वेळा तळ बघून आलेला असे. बार्टल यांनी पुढे २००३ च्या 'डिझायनिंग व्हर्च्युअल वर्ल्ड्स' या ग्रंथात या प्रवासाला सिद्धान्ताचं रूप दिलं. खेळाडूच्या हाती आधी नुसतं बाहुलं असतं, मग त्याचं पात्र होतं आणि शेवटी खेळाडू व पात्र यांच्यातलं अंतरच मिटतं. या शेवटच्या अवस्थेला त्यांनी 'पर्सोना' म्हटलं. ही अवस्था वेळ दिल्याखेरीज येत नाही, हे एसेक्समधल्या रात्रींनी त्यांना शिकवलेलं होतं.

शिडीची एक मर्यादा मात्र होती. गुण मोजणारं यंत्र होतं आणि यंत्राला स्वभाव दिसत नाही.

१९८९ च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेम्स ॲस्पनेस यांनी 'टायनीमड' सुरू केलं, ते मुद्दाम शिडीशिवाय. लढाई नाही, गुण नाहीत. यावं, बोलावं, आपली खोली बांधावी. त्यातूनच पुढे 'मश' नावाची प्रणाली निघाली आणि भूमिका जगणाऱ्यांना हवं ते घर मिळालं. 'पर्न मश' हे त्यांतलं एक गाजलेलं घर. इथे अपूर्णविरामाचं चिन्ह (:) टंकून पुढे वाक्य लिहिलं, की ते तुमच्या पात्राच्या नावासकट खोलीतल्या सर्वांच्या पडद्यावर उमटे: अमुक पात्र दाराशी थबकतं, हातातली टोपली खाली ठेवतं. मग समोरच्याने वाचायचं, विचार करायचा आणि त्याचं वाक्य लिहायचं. चौघांचा एक साधा प्रवेश दोन-तीन तास सहज चाले. गुणच नसल्याने कोण शिकाऊ, कोण कारागीर, कोण मास्टर हे ठरवायला यंत्राचा काही उपयोग नव्हता. ते माणसांनीच ठरवायचं होतं.

मॅकॅफ्री यांच्या चाहत्यांच्या खेळांबाबत अटी कडक होत्या. पुस्तकातली त्यांची पात्रं कुणी खेळायची नाहीत, हे त्यांतलं मुख्य. त्यामुळे नायक-नायिकांच्या तयार जागा कुणाला मिळाल्या नाहीत. प्रत्येकाला स्वतःचं पात्र घेऊन, बहुधा तळापासून, सुरुवात करावी लागली. ही अट लेखनहक्कांच्या काळजीपोटी आलेली, पण पर्नच्या खेळांना ती फार मानवली.

पर्नच्या कथेचं सूत्र साधं आहे. आकाशातून काही काळाने जीव गिळणारे तंतू पडतात आणि ड्रॅगन त्यांना हवेतच आगीने जाळतात. ड्रॅगनचं पिल्लू अंड्यातून बाहेर येताच समोर उभ्या असलेल्या तरुणांतून आपला स्वार निवडतं. ते नातं आयुष्यभराचं, मनाने मनाशी बोलण्याचं. स्वार गेला की ड्रॅगनही जगत नाही. साहजिकच प्रत्येक नव्या खेळाडूला ड्रॅगन हवा असे. आणि अंडी मोजकी, उभे राहणारे जास्त.

मग या इच्छुकांनी अंडी फुटेपर्यंत करायचं काय? राबायचं. कंद सोलायचे, गोठे झाडायचे, ड्रॅगनना खाऊ घालायच्या अग्निपाषाणाची पोती भरायची, क्लाह नावाच्या कढत पेयाचे पेले वडीलधाऱ्यांपुढे न्यायचे. वरवर हे कंटाळवाणं वाटतं. पण पात्र नेमकं इथे सापडत गेलं. नवा खेळाडू बहुधा तयार दंतकथा घेऊन यायचा: अनाथ, देखणा, गुप्त वंशातला, सर्व शस्त्रांत निपुण. अशा पात्राला कंद सोलायला बसवलं, की दंतकथा कामाला येत नाही. शेजारच्याने आपला वाटा हळूच याच्याकडे सरकवला तर हा काय करतो? चिडतो, हसतो, की मुकाट सोलत राहतो? मुकादमाने चूक नसताना झापलं तर खोटं बोलतो का? अशा बारक्या प्रसंगांतून खेळाडूला आपलं पात्र हळूहळू ऐकू येऊ लागे. दोन महिन्यांनी तो अनाथ राजपुत्र मागे पडलेला असे आणि त्याच्या जागी अंधाराला भिणारा, पण ते कबूल न करणारा, एखादा खराखुरा पोरगा उभा असे.

आणि हे बघणारं कुणीतरी होतं. मजकुरी पर्नवर निवड समित्या असत. इच्छुकांचे प्रवेश त्या वाचत आणि पिल्लू निवडण्याचा क्षण आला, की कुठल्या पात्राला कुठला ड्रॅगन शोभेल याचा विचार करून त्या ड्रॅगनचं रूप, आवाज, स्वभाव त्या खेळाडूपुरतं लिहून काढत. बढाईखोराला शांत ड्रॅगन, बुजऱ्याला खट्याळ. कित्येक आठवडे एखाद्याचं वागणं निरखल्याशिवाय असं लिहिता येत नाही. हे काम रात्री जागून, विनामोबदला, बहुधा टोपणनावाने झालेलं आहे. साहित्याच्या कुठल्याही इतिहासात त्याची नोंद नाही. ती असायला हवी.

ड्रॅगन मिळाला म्हणून उमेदवारी संपत नसे, ती पुन्हा सुरू होई. पिल्लाला मांस कापून भरवायचं, वाढत्या कातडीला भेगा पडू नयेत म्हणून तेल चोळायचं, स्वारीचे पट्टे स्वतः शिवायचे. उडणं त्यानंतर, आणि क्षणात एका जागेहून दुसरीकडे जाण्याची घातक विद्या सर्वात शेवटी. नवस्वारांच्या गुरूची भूमिका करणारा खेळाडू हे धडे आठवड्यामागून आठवडे घेई. ज्यांना ड्रॅगन मिळाला नाही ते रुसून निघून जात, किंवा राहून सुतार, विणकर, वैद्य, हार्पर होत. मजकुरी पर्नची कितीतरी जिवंत पात्रं या दुसऱ्या गटातली होती, कारण अपयश पचवण्याचा प्रवेश त्यांना मिळाला होता.

याचंही मूळ कादंबऱ्यांत आहे. १९७९ च्या 'ड्रॅगनड्रम्स'चा नायक पीमूर हा हार्पर हॉलमधला गोड गळ्याचा शिकाऊ. त्याचा आवाज फुटतो आणि त्याला गाणं सोडून निरोपाचे ढोल वाजवणाऱ्यांकडे पाठवलं जातं. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलांचा आवाज फुटला की संगीत नाटक मंडळ्यांत जो पेच पडे, तो आठवणाऱ्या मराठी वाचकाला पीमूर परका वाटणार नाही. ज्याच्या जोरावर आपण कुणीतरी होतो तेच गेलं, आता आपण कोण? मजकुरी पर्नवर हा प्रश्न कितीतरी शिकाऊंनी आपापल्या परीने खेळून पाहिला.

मजकुरी पर्न उभं राहिलं त्याच वर्षी, १९९१ मध्ये, 'आर्मगेडन' हे मजकुरी विश्व सुरू झालं. ते पर्नच्या अगदी उलट्या हवेचं: वाळवंटी, निर्दय आणि मेलेलं पात्र कायमचं मेलेलं. भूमिका सोडून बोलायला इथे मनाईच होती. नवख्यांचा एक रुळलेला मार्ग म्हणजे ट्झाय बिन ही भाडोत्री सैनिकांची टोळी. तिच्यात भरती झालेला नवखा 'रनर' म्हणवला जाई. त्याने घाण उपसायची, आखाड्यात मार खायचा, सार्जंटच्या शिव्या ऐकायच्या आणि जगला वाचला तर ट्रूपर व्हायचं. या विश्वाने 'कर्मा' नावाची सोयही केली होती. खेळाडूने भूमिका किती जबाबदारीने निभावली हे चालक पाहत आणि त्यानुसार जादूगारासारख्या जोखमीच्या भूमिका त्याला खुल्या होत. विश्वास इथे पात्रावर नव्हे, पात्रामागच्या माणसावर ठेवला जाई आणि तो वर्षांच्या हिशेबात कमवावा लागे. ही व्यवस्था निर्दोष नव्हती. पारखणारा माणूस असला, की मर्जीतले आणि मर्जीबाहेरचे असा भेद येतोच. तरीही यंत्राने मोजलेल्या गुणांपेक्षा माणसाने दिलेला हा विश्वास पात्र घडायला अधिक उपयोगी ठरला.

सप्टेंबर १९९७ मध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' आलं आणि मजकुराची जागा चित्राने घेतली. इथे कसब वापराने वाढे. लोहार लोखंड ठोकून ठोकूनच लोहार होई, आणि कसबाच्या आकड्यानुसार नावामागे पदवी लागे: पन्नाशीला अप्रेंटिस, साठीला जर्नीमन, नव्वदीला मास्टर, शंभराला ग्रँडमास्टर. कागदावर हे कारागिरांच्या जुन्या श्रेणींसारखं दिसतं. प्रत्यक्षात शिकवणारा माणूस या रचनेतून गळला होता. आकडा चढवायला कुणाची गरजच नव्हती, म्हणून लोकांनी स्वयंचलित कळदाब लावून ठेवले आणि स्वतः झोपायला गेले. पात्र रात्रभर एकटंच ठोकत बसे आणि सकाळी त्याची पदवी वाढलेली असे.

राफ कॉस्टर हे 'अल्टिमा ऑनलाइन'चे प्रमुख रचनाकार. पुढे 'स्टार वॉर्स गॅलक्सीज'च्या रचनेची धुरा त्यांच्याकडे आली. २६ जून २००३ रोजी सुरू झालेल्या या खेळाने गुरूला मानाने परत आणलं. त्यात तीसहून अधिक पेशे होते: शिकारी, वैद्य, शिवणकाम करणारा, नर्तक, वादक, हत्यारं घडवणारा. प्रत्येक पेशाचा नकाशा सारखा. तळाला नवशिक्याचं घर, वर चार फांद्या, प्रत्येक फांदीवर चार पायऱ्या आणि माथ्यावर मास्टर. नवी पायरी यंत्रातल्या शिक्षकाकडून पैसे मोजून शिकता येई, किंवा ती आधी शिकलेल्या दुसऱ्या खेळाडूकडून. आणि मास्टर व्हायचं असेल तर पेशातला अनुभव पुरेसा नव्हता. एक वेगळीच कमाई लागे, शिकवण्याची. दुसऱ्या खेळाडूला विद्या दिली की त्याबद्दल गुण जमत आणि ते पुरेसे झाल्याशिवाय माथ्यावरचं घर उघडत नसे. शिष्य घडवल्याशिवाय उस्ताद होता येत नाही, हा नियम एका व्यापारी कंपनीच्या खेळात घातला गेला, ही या सबंध इतिहासातली सर्वात सुंदर गोष्ट आहे.

त्याचा परिणाम शहरांच्या चौकांत दिसे. अनुभवी माणसं नवख्यांना हाका मारत: या, फुकट शिकवतो. काही जण विद्या हातावर टेकवून गुण घेऊन निघून जात, हे खरं. पण नवख्याचा पहिला तास एका माणसाशी बोलण्यात जाई आणि कित्येकांचं तिथेच जमे. मद्यालयातल्या नर्तकांच्या बाबतीत तर हे विशेष. लढून थकलेल्यांचा शीण नाच-गाणं बघून उतरे, अशी सोय खेळातच होती. त्यामुळे नर्तकांना रोज प्रेक्षक मिळे, नवा नर्तक जुन्याशेजारी उभा राहून ताल धरी आणि समोर बसलेल्यांशी गप्पांतून आपलं पात्र जुळवत जाई. एकही शत्रू न मारता वर्षानुवर्षं खेळात राहिलेली माणसं इथे होती.

या खेळाचं दुसरं टोक म्हणजे जेडाय. प्रकाशाची तलवार चालवणारे हे योद्धे त्या काळच्या कथेनुसार दुर्मिळ, म्हणून खेळातही कसं व्हायचं हे गुपित ठेवलेलं. २००३ च्या नोव्हेंबरात पहिला जेडाय प्रकटला. होलोक्रॉन नावाच्या वस्तू संकेत देत: अमुक पेशाचा मास्टर हो. ते कळल्यावर नाचण्यात रस नसलेले हजारो जण नर्तक झाले, शिवणकाम शिकले, टाकून पुढच्या पेशाकडे धावले. पेशा तोच, पायऱ्या त्याच. पण ध्येय दुसरीकडे गेल्याने उमेदवारीतला जीव गेला. धीराचं वळण लावायला वेळ मोठा ठेवणं पुरत नाही, हे यातून शिकण्यासारखं होतं.

कंपनीने उलटाच धडा घेतला. खेळ फार संथ आहे, नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून चित्रपटातला नायक व्हायचं असतं, असं ठरवून १५ नोव्हेंबर २००५ रोजी सगळी रचना बदलली. तीसहून अधिक पेशांचे नऊ केले. जेडाय पहिल्याच पडद्यावर निवडता येऊ लागला. नर्तक, शिवणकामवाले, प्राणी माणसाळवणारे यांची वर्षांची कमाई एका दिवसात अर्थहीन झाली. संतापाची लाट आली, लोक झुंडीने सोडून गेले, नुकत्याच विकलेल्या विस्ताराचे पैसे परत करण्याची पाळी कंपनीवर आली. खेळ त्यानंतरही चालला, पण गेलेली माणसं परतली नाहीत. १५ डिसेंबर २०११ रोजी तो बंद झाला.

इतरांनीही घाईचाच रस्ता धरला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये २००४ पासून हस्तकसबांना अप्रेंटिस, जर्नीमन, एक्सपर्ट, आर्टिझन अशी नावं होती. शिकवणारे मात्र यंत्रातले पुतळे, नाणी घेऊन पायरी देणारे. २०१४ मध्ये या खेळाने साठ डॉलरला नव्वदाव्या पायरीचं तयार पात्र विकायला काढलं. ज्यांना मित्रांबरोबर मोठ्या मोहिमेवर जायची घाई आहे त्यांची यात सोय झाली, हे मान्य करायला हवं. भूमिका जगू पाहणाऱ्याला मात्र त्यातून एक अनोळखी प्रौढ मिळतो, ज्याचं बालपण कुणी पाहिलेलं नाही.

तरी उमेदवारी मेली नाही. माणसांनी ती नियमांबाहेर चालू ठेवली. ताऱ्यांमधल्या व्यापाराच्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये खेळाडूंनीच २००४ मध्ये 'ईव्ह युनिव्हर्सिटी' काढली. नवख्यांना शिकवणं हेच तिचं काम. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या पाचव्या खेळावर उभ्या राहिलेल्या 'नोपिक्सेल'सारख्या भूमिका-शहरांत पोलीस व्हायचं तर आधी कॅडेट व्हावं लागे. प्रशिक्षक अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर बसायचं, बिनतारी यंत्रावर नीट बोलायला शिकायचं, पकडलेल्याला त्याचे हक्क सांगायचे. मारामारीसाठी प्रसिद्ध असलेल्या खेळात तरुण मुलं संयमाने अहवाल लिहायला शिकताना पाहून, १९९१ च्या कंद सोलणाऱ्या पोरांची आठवण व्हावी.

मराठी माणसाचा या इतिहासाशी संबंध उशिरा आला. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा मजकुरी पर्नला चार वर्षं झाली होती. त्या काळच्या स्वस्त शेल खात्यावर चित्रं दिसत नसत, फक्त अक्षरं. आणि 'मश'ला नेमकी तेवढीच गरज होती. अडचण होती ती लिपीची. या विश्वांच्या प्रणाली रोमन अक्षरांपुरत्या बांधलेल्या. देवनागरीत प्रवेश लिहिणं शक्य नसल्याने मराठी शिकाऊ, मराठी मुकादम, मराठी गुरू त्या सुवर्णकाळात पडद्यावर उभे राहिले नाहीत. आज युनिकोडमुळे ती अडचण उरलेली नाही. भारतात हिंदीतून चालणारी 'ग्रँड थेफ्ट ऑटो'ची भूमिका-शहरं २०२० नंतर लोकप्रिय झाली. मराठीतून हे करायला आता फक्त माणसं हवीत, आणि नवख्याशेजारी दोन तास बसायची त्यांची तयारी.

या साऱ्याचे पुरावे फार नाजूक आहेत. मजकुरी विश्वांचे प्रवेश खेळाडूंनी आपापल्या संगणकावर साध्या फायलींत उतरवून ठेवले. सर्व्हर बंद पडले की तेवढंच उरतं. नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतर पुण्या-मुंबईत, अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात, आखातात किंवा कुठेही ज्या वाचकांनी अशा विश्वात उमेदवारी केली असेल, त्यांनी जुन्या डिस्क काढून त्या फायली वाचता येतील अशा जागी हलवाव्यात. सोबतच्यांची परवानगी मिळाली तर त्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहाला द्याव्यात. आणि आपल्या पात्राला कोणत्या पात्राने शिकवलं, ते त्यावर लिहून ठेवावं.